टॅपेट वाजलेलं बरं

मे महिन्यात आमच्या झरी जामणी तालुक्यात मोटारसायकलचं इंजिन थंड सापडणं कठीण. दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्री दहालाही अंगणातल्या फरशीवर हात ठेवला तर ऊब जाणवते. दिवसभर गाडी जागची हलली नसली तरी तिचं हेड कोमटच असतं. होंडाच्या जातीच्या इंजिनांची माहितीपुस्तकं सांगतात, वॉल्व्हची फट तपासायची तर इंजिन ३५ अंशांच्या खाली हवं. आमच्याकडे मे महिन्यात ती वेळ पहाटे पाचच्या सुमाराची. म्हणून आदल्या रात्रीच मी गाडी ओट्यालगत डबल स्टँडवर चढवतो, स्टँडखाली फळी सरकवतो, पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि बारदान्यावर हत्यारं मांडून ठेवतो. १७ चा रिंग पाना, ९ चा रिंग पाना, प्लगचा पाना, मोठा पेचकस, लोहाराकडून करून घेतलेली एक छोटी चावी आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं, फट मोजायच्या पात्यांचं फिलर गेज. यातलं किमतीचं असं काहीच नाही. फिलर गेजमधलं एक पातं मात्र मी जिवापाड जपतो. त्याच्यावर ०.०५ कोरलेलं आहे. मिलीमीटरचा विसावा भाग.

गाडी २००४ ची स्प्लेंडर. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेतली होती, आता माझ्याकडे आहे. मी विज्ञान शिकवतो. रोजचं जाणं-येणं मुकुटबनच्या बाजूचं. कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, त्यांनी उडवलेली धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, अशा रस्त्यांवर ही गाडी वीस वर्षं चालली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची तर वणी किंवा पांढरकवडा गाठावं लागतं. म्हणजे एक दिवस गेला. मला रजा मिळते. सोयाबीनच्या हंगामात रोजंदारीवर जाणाऱ्याचा मात्र त्या दिवसाचा पैसाही जातो.

काही वर्षांपूर्वी शेजारचे भाऊ मला म्हणाले, "गाडी टकटक करून रायली जी तुमची, टॅपेट पाहून घ्या." मी एका गॅरेजात गाडी नेली. इंजिन गरमच होतं. मिस्त्रीला मी एवढंच सांगितलं, की आवाज अजिबात यायला नको. त्याने टोप्या उघडल्या, बोटांनी रॉकर हलवून पाहिला, स्क्रू आवळला, गाडी चालू करून दिली. आवाज गेला. परत येताना गाडी नवी झाल्यासारखी वाटली आणि मी घरी तसं सांगितलंही.

थंडीचे दिवस आले आणि सकाळी गाडी किकेला दाद देईना. दहा-बारा किका मारल्या की कशीबशी चालू व्हायची, पण चौकात थांबलो की बंद. पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज गेला. मी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला, पेट्रोलला दोष दिला. शेवटी एका संध्याकाळी पाटणच्या रस्त्यावर तिने मान टाकली. हेड उघडल्यावर एक्झॉस्ट वॉल्व्ह हातात आला. त्याच्या गोल कडेला एका जागी खाच पडली होती, उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी. तो वॉल्व्ह आजही माझ्या टेबलावर आहे. दरवर्षी उष्णतेचं प्रसरण शिकवताना मी तो वर्गात फिरवतो. हा दोष मी मिस्त्रीच्या माथी मारत नाही. आवाज नको, ही मागणी माझी होती आणि त्याने ती पुरी केली.

या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर दोन वॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेणारा इनलेट, दुसरा धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. वर फिरणारा कॅमशाफ्ट रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक वॉल्व्हच्या देठावर दाब देतं. त्या टोकात एक बारीक स्क्रू असतो. मिस्त्री मंडळी टॅपेट म्हणतात ते हेच. स्क्रू आणि देठ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की देठ लांब होतो. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला ३००० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, आणि तितक्याच वेळा त्याला आपल्या बैठकीवर घट्ट बसावं लागतं. बसल्यावरच तो थंड होतो. त्याच्या अंगातली बरीचशी उष्णता त्या क्षणभराच्या स्पर्शातून हेडमध्ये उतरते.

मोकळी जागाच उरली नाही तर देठ लांबल्यावर स्क्रूला टेकतो आणि वॉल्व्ह बैठकीवर पुरता बसत नाही. किंचित उघडा राहतो. जळालेला वायू त्या चिरीतून सुसाट निघतो, वॉल्व्हला थंड व्हायला जागा मिळत नाही, आणि कडेचा एक तुकडा हळूहळू खाल्ला जातो. हे सगळं बिनआवाजी होतं. सैल टॅपेट टकटक करून गावाला सांगतं. घट्ट टॅपेट गप्प राहतं आणि आपण त्या गप्पपणाला गाडीची तब्येत समजतो. माझ्या गाडीवर मी दोन महिने खूश होतो, त्याच दोन महिन्यांत तिचा वॉल्व्ह जळत होता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गाडी जुनी होते तशी ही फट वाढतच जाते, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. कॅम आणि रॉकर झिजले की फट वाढते, पण वॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा आपटून आपटून बैठकीत रुतत जातो, तेव्हा त्याचा देठ वर सरकतो आणि फट कमी होते. दोन झिजा एकमेकींच्या उलट चालतात. कोणती पुढे गेली हे कानाला अर्धंच कळतं. फट वाढली तर ऐकू येते. कमी झाली तर मोजल्याशिवाय कळत नाही.

आमच्या भागात टॅपेट हा शब्द तसा उशिरा आला. वडिलांच्या तरुणपणी गावोगाव राजदूत होती, १९७२ पासून अहमदनगरच्या कायनेटिकची लुना आली. दोन्ही टू-स्ट्रोक, त्यांना वॉल्व्हच नाहीत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की काम भागलं. टॅपेट होतं ते बुलेटला, आणि बुलेट गावात एखाद्याचीच. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि मग घरोघरी फोर-स्ट्रोक झाली. गाड्या बदलल्या, मिस्त्री तेच राहिले. ज्या हाताने राजदूतचा पॉइंट लावला त्याच हाताला ०.०५ मिलीमीटर सांभाळायची वेळ आली. त्या हातात पातं कोणी दिलं नाही.

वॉल्व्ह जळल्यानंतर मी पहिलं फिलर गेज घेतलं ते बाजाराच्या दिवशी जमिनीवर पसरलेल्या हत्यारांतून, ६० रुपयांना. वीस पाती, पंख्यासारखी उघडणारी. सर्वांत पातळ पात्यावर ०.०५ लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ते मी प्रयोगशाळेत नेलं. अकरावीच्या मुलांना आम्ही स्क्रू गेज शिकवतो. त्याचं लघुतम माप ०.०१ मिलीमीटर. शून्यत्रुटी वजा करून मोजलं तर पातं ०.०७ निघालं. तीन वेळा मोजलं, मुलांकडूनही मोजून घेतलं. शंभराव्या भागाचे दोनच भाग जास्त, पण जिथे मापच पाच भागांचं आहे तिथे दोन भाग म्हणजे चाळीस टक्के. मग वणीच्या हार्डवेअरच्या दुकानातून १८० रुपयांचं दुसरं गेज आणलं. ते बरोबर ०.०५ भरलं. ज्यांना इंची मापाचं गेज मिळेल त्यांनी दोन हजारांश इंचाचं पातं पाहावं, तेही ०.०५ च्या जवळपास अगदी तेच असतं. मात्र कोणतंही स्वस्त गेज वापरण्याआधी ते एकदा स्क्रू गेजमध्ये धरून घ्यावं. हे यंत्र विज्ञान शाखेच्या जवळच्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

त्या दिवशी मुलांना चेव चढला आणि त्यांनी मिळेल ते मोजलं. दाढीचं पातं ०.१० भरलं. जुने मिस्त्री याच पात्याने फट बघत असत, त्यात तथ्य आहे, पण ते माप स्प्लेंडरच्या दुप्पट. वहीचा कागद त्याहून थोडा कमी, वर्तमानपत्राचा आणखी कमी. कागद मात्र धातूसारखा नाही, तो दाबला की दबतो आणि तेल लागलं की फुगतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येत नाही. एका मुलाने तेंदूचं पान आणलं, कारण त्याच्या घरी त्या आठवड्यात पुडे बांधायचं काम चालू होतं. शिरेजवळ एक माप आलं, कडेला दुसरं. या पानाने फट का मोजता येणार नाही, हे त्याचं त्यानेच सांगितलं.

दुसरं हत्यार म्हणजे चावी. टॅपेटच्या स्क्रूचं डोकं चौकोनी असतं, जेमतेम तीन मिलीमीटरचं. त्यासाठी खास चावी मिळते, ती मागवायची तर आठ दिवस. अनेक जण पकडीने धरून फिरवतात आणि चौकोनाचे कोपरे मारून टाकतात. मग पुढच्या वेळी काहीच धरत नाही. आमच्या गावच्या लोहाराला मी भंगारातला एक जुना टॅपेट स्क्रू दाखवला. त्याने बोटभर लांबीची लोखंडी नळी घेतली, एक टोक भट्टीत लाल केलं, स्क्रूचं डोकं आत धरलं आणि हलक्या हातोडीने चारी बाजूंनी ठोकत नळीला डोक्याचा आकार दिला. दुसऱ्या टोकाला आडवी सळई जोडली. मोजून दहा मिनिटांचं काम. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मी ५० रुपये ठेवले. ती चावी आजवर एकदाही घसरलेली नाही.

आता पहाटेचं काम.

आधी हेडवरची धूळ ब्रशने झाडायची आणि रॉकेलच्या फडक्याने पुसायची. हे टाळणाऱ्याने टोपी उघडूच नये. आमची काळी धूळ दिसायला मऊ, पण तेलात मिसळून कॅमवर गेली की पॉलिश पेपरचं काम करते. मग प्लग काढायचा, म्हणजे आत दाब धरला जात नाही आणि इंजिन हाताने हलकं फिरतं. मग दोन टोप्या. स्प्लेंडरचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, म्हणून इनलेटची टोपी वर आणि एक्झॉस्टची खाली, जमिनीकडे तोंड केलेली. खालची उघडली की चमचाभर ऑइल गळतं, खाली ताटली ठेवावी. या खालच्या टोपीमुळेच एक्झॉस्टकडे दुर्लक्ष होतं, असं मला वाटतं. वरची बसल्या बसल्या दिसते, खालचीसाठी आडवं पडावं लागतं. आणि जळतो तो बहुतेक वेळा खालचा.

इंजिनाच्या डाव्या बाजूला झाकणावर पेचकसाने उघडणारी एक छोटी टोपी असते. तिच्यातून आतलं मॅग्नेटचं चाक दिसतं आणि त्यावर T ही खूण. ती खूण झाकणावरच्या खाचेसमोर आणली की पिस्टन बरोबर वरच्या टोकाला. क्रँक फिरवायला गोटी पाना नसला तरी चालतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेला हळूहळू फिरवायचं. डोळा खाचेवर, हात टायरवर. T च्या शेजारीच F असते, ती प्लगच्या ठिणगीची खूण. अंधुक उजेडात पहिल्यांदा मी तिथेच थांबलो होतो.

त्याहून मोठी चूक दुसऱ्या वेळी केली. चार फटक्यांच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा दाब पुरा करून, तेव्हा दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. एकदा धूर ढकलून, तेव्हा एक बंद होत असतो आणि दुसरा उघडत असतो, दोन्ही किंचित दबलेले. T दोन्ही वेळा खाचेसमोर येते. मी दुसऱ्या वेळेला थांबलो, पातं आत जाईना, म्हणून स्क्रू सैल करत गेलो, करत गेलो, पातं गेल्यावर आवळून टाकला. गाडी चालू केली तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा आवाज झाला आणि घरातले सगळे बाहेर आले. तेव्हापासून पातं घालण्याआधी मी दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहतो. दोघेही थोडेसे हलले तर वेळ बरोबर. एक जरी दबलेला असला तर चाक फिरवून क्रँकची आणखी एक पूर्ण फेरी.

मग पातं. स्क्रू आणि देठ यांच्यामध्ये ०.०५ घालायचं आणि ओढून पाहायचं. किती ओढ लागावी हे शब्दांत सांगणं अवघड आहे. नव्या वहीची दोन चिकटलेली पानं वेगळी करताना बोटांना जी ओढ लागते, साधारण तेवढी. पातं अडकायला नको, भुरकन निघायलाही नको. खात्रीसाठी मी एक उलटी कसोटी लावतो. ०.०५ जायला हवं आणि ०.०८ अजिबात जायला नको. नवशिक्या बोटांची पारख चुकते, पण जातं की जात नाही याचा निकाल चुकत नाही. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही वॉल्व्हना ०.०५ आहे. सगळ्यांना तसं नसतं. काही गाड्यांत एक्झॉस्टला इनलेटपेक्षा जास्त फट देतात, कारण तो जास्त तापतो. ज्याने त्याने आपल्या गाडीचं पुस्तक पाहावं, शेजाऱ्याचं माप उचलू नये. आणि ज्या गाड्यांत स्क्रूच नसतो, चकत्या बदलून फट लावावी लागते आणि त्यासाठी कॅम बाहेर काढावा लागतो, त्या अंगणात उघडायच्या नाहीत.

फट चुकलेली असेल तर ९ च्या पान्याने नट सैल करायचा, चावीने स्क्रू फिरवायचा, पातं ठेवून ओढ बघायची, मग चावी घट्ट धरून नट आवळायचा. आणि पुन्हा पातं घालून बघायचं. सगळ्यांचं बिघडतं ते इथेच. नट आवळताना स्क्रू त्याच्यासोबत केसभर फिरतो आणि इतका वेळ लावलेली फट बदलते. मला आजही तीन-चार वेळा करावं लागतं. पहिल्या खेपेला बरोबर लागली तर मी संशयाने पुन्हा मोजतो.

भंगारातला तो टॅपेट स्क्रू आणखी एका कामी आला. त्याचे आटे मी मोजले तेव्हा दहा आट्यांची लांबी पाच मिलीमीटर भरली. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू अर्धा मिलीमीटर सरकतो आणि ०.०५ साठी फेऱ्याचा दहावा भाग पुरतो, ३६ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा सहा मिनिटांत सरकतो तेवढं. स्क्रू अलगद टेकेपर्यंत फिरवावा आणि तेवढा मागे घ्यावा, की पात्याशिवायही फट लागते. परदेशात याच तत्त्वावर टप्प्याटप्प्याने टिकटिकत फिरणारी हत्यारं विकली जातात. मी पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर साठ खुणा काढून ती चावीखाली धरतो.

ही पद्धत पात्याचं माप ताडून पाहायला फार चांगली आहे. जुन्या गाडीत स्क्रूच्या टोकाला झिजून बारीक खळगा पडतो. सपाट पातं त्या खळग्यात उतरत नाही, कडांवर टेकून बसतं आणि ०.०५ सांगतं. खरी फट मात्र खळग्याइतकी जास्त असते. फट बरोबर लावूनही गाडी वाजतच राहिली तर बहुधा हेच झालेलं असतं. तेव्हा फट कमी करायची नाही, स्क्रू बदलायचा. अशा वेळी आवाज बंद करण्याचा मोह आवरणं हे या सगळ्या कामातलं मला सर्वांत कठीण गेलेलं काम.

३५ अंशांच्या अटीचाही मी हिशेब करून पाहिला. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, वॉल्व्ह पोलादाचा, दोघांच्या प्रसरणातला फरक, सहा-साडेसहा सेंटिमीटरचा देठ आणि दहा अंशांचा चढ-उतार. उत्तर मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडं कमी येतं. म्हणजे सकाळी सहा-सातला केलं तरीही आकाश कोसळत नाही. घात करतं ते नुकतंच चालवून आणलेलं इंजिन, ज्याच्यात प्रत्येक भागाचं तापमान वेगळं असतं. तरी मी पहाटच धरतो. त्या वेळी शांतता असते, आणि पात्याची ओढ समजायला ती लागते.

शेवटी टोप्यांच्या रबरी रिंगा. उन्हाने त्या कडक होतात. पाच-दहा रुपयांची रिंग वाचवायला टोपी जोर लावून आवळली, तर हेडचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि मग खर्च हजारांत. मी रिंगा नव्या घालतो आणि टोपी मनगटाच्या जोरावर थांबवतो, खांदा लावत नाही. प्लग बसवण्याआधी चाक दोन फेरे फिरवून कुठे काही अडत नाही हे बघतो. मग किक.

बरोबर लागलेलं टॅपेट बारीक वाजतं. शिवणयंत्र शेजारच्या घरात चालू असावं, तसं. आता तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं.

हळूहळू लोक येऊ लागले. दूध पोचवणारे, डाक वाटणारे, पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, रोज तीस-चाळीस किलोमीटर कामाला जाणारी पोरं. मी पैसे घेत नाही, आणि काम त्यांच्याच हातून करून घेतो. एका कोलाम मुलाला पात्याची ओढ पहिल्याच दिवशी समजली. मला त्यासाठी वर्ष लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातले एक जुने मिस्त्री काका सकाळी अंगणात येऊन उभे राहिले. चाळीस वर्षांचा हात. त्यांचं शिक्षण बुलेटवर झालेलं. जुन्या बुलेटला पातं लागत नाही. रॉकर ढकलणारा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली मुळीच खेळता कामा नये, झाली सेटिंग. तोच हिशेब त्यांच्या बोटांत बसलेला. "मले दाखवा बरं ते पातं," ते म्हणाले. मग स्वतःच माझ्या गाडीचे दोन्ही नट सैल केले, बोटांनी रॉकर हलवत, डोळे मिटून दोन्ही टॅपेट लावले, नट आवळले. नटासोबत स्क्रू जराही फिरू दिला नाही. असा हात मी पाहिला नव्हता.

मी पातं पुढे केलं. इनलेटमध्ये ०.०५ गेलं, ०.०८ गेलं नाही. काकांनी मान हलवली. मग ते खाली आडवे झाले आणि एक्झॉस्टमध्ये पातं घालू लागले. ते जाईना. तिरपं करून पाहिलं, पुसून पाहिलं. त्यांनी पुन्हा बोटाने रॉकर हलवला, तो किंचित हलला. पुन्हा पातं लावलं. गेलं नाही.

बराच वेळ ते तसेच पडून होते. "आवाज नाई आला पाह्यजे म्हणते ना जी गिऱ्हाईक," ते खालूनच म्हणाले. "म्हणून खालचा थोडा दाबून लावतो मी. सगळ्याईचाच."

मग त्यांनी चावी मागितली, नट सैल केला आणि पातं घालून लावायला सुरुवात केली. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. उठून हात पुसले आणि गेज उलटंसुलटं करून पाहिलं.

"सर, हे दोन दिवस ठेवू का मी? चार-पाच गाड्या हायेत, बोलावून घ्या लागते."

मी ०.०५ चं पातं पुन्हा एकदा तेलाच्या फडक्याने पुसलं आणि गेज मिटून त्यांच्या हातात दिलं.